दादाचं लिनक्स अजून चालू होतं

मित्रांनो, मी या ग्रुपवर फक्त वाचत असतो. आज लिहितोय, कारण दुपारपासून डोकं सुन्न झालं आहे.

माझा दादा पुण्यात एका कंपनीच्या कपाटाएवढ्या मेनफ्रेम संगणकावर लिनक्स ही प्रणाली चालवायचा. तीन महिन्यांपूर्वी तो अपघातात गेला. आज त्याच्या ऑफिसातल्या सोबत्याचा फोन आला. तो मूळचा आमच्याकडचाच, आंजी गावचा.

"भाऊ, दादाचं लिनक्स अजून चालून राह्यलं."

मला कळेचना. माणूस गेला, मग हे कसं चालू?

"तो लॉगऑफ करतच नव्हता. नुसतं डिसकनेक्ट करून घरी जाये. मागं काम चालूच राहते. आज मशीन रिकामी करायची आहे, तेव्हा दिसलं. बंद करू का?"

"पण ते काय करतंय?"

तो म्हणाला, "रोज संध्याकाळी सहाले त्याच्याच स्क्रीनवर एक ओळ पाठवते. 'आईले फोन कर.'"

दादाचा आईला रोज सहाला फोन यायचा. "माहा पोरगा कधी विसरत नाई," असं आई आमच्या साऱ्या पिपरी गावात सांगायची.

मी म्हटलं, "आज सहा वाजू दे. मग बंद कर."

सहाला आई सवयीने फोनजवळ येऊन बसली. मीही बसलो.

"तू काऊन बसला येथं?"

"असाच."

थोड्या वेळाने मेसेज आला, "बंद केलं भाऊ."

स्वतः फोन करायला विसरू नये म्हणून दादाने मशीनला कामाला लावलं होतं, हे आईला सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?