सील न फोडलेली केबल

"कॉन्व्हेंटच्या मॅडमनी हात लावला आणि बोर्ड गेला," पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला. पाठोपाठ चहाचा घोट.

कॉन्व्हेंटच्या मॅडम म्हणजे मी. वारज्यातल्या त्या छोट्या कंपनीत मला सहा महिने पारखून मग कायम करायचं ठरलं होतं, आणि शुक्रवारी सहा महिने संपत होते. बोर्ड म्हणजे यूएसबीची उपकरणं तपासायचं आमचं एकुलतं एक साधन. त्यात नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, घालायचं काम सरांनी मला दिलं होतं. बोर्डावरचं बारीक बटण दाबून धरायचं, केबल लावायची, कॉम्प्युटरला बोर्ड दिसला की नवी फाइल त्यात टाकायची. सकाळपासून मी निदान दहा-बारा वेळा बटण दाबलं. बोर्डावरचा दिवा दर वेळी लागला. कॉम्प्युटरला मात्र काहीच दिसेना.

शेवटी सर आले. त्यांनीही बटण दाबलं, माझ्यापेक्षा जोरात, आणि वीस वर्षांच्या अनुभवाने निदान केलं, "मेला." मग रजिस्टर उघडून कारणाच्या रकान्यात 'हाताळणीत चूक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"करा सही. इंग्रजीत केलीत तरी चालेल."

दिवा लागत होता, म्हणजे वीज पोचत होती. पोचत नव्हती ती माहिती. हातातली केबल कुणाच्या तरी जुन्या मोबाइलच्या चार्जरची होती, आणि तसल्या कित्येक केबलींत माहितीच्या तारा नसतातच. बोर्डाबरोबर आलेली केबल सरांच्या कपाटात होती, सील न फोडलेल्या पाकिटात. चांगली वस्तू वापरून खराब करायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वीज मोजायचा नवा मल्टिमीटरही तिथेच, कुलपाआड, सुखात होता.

हे मला दुपारीच उमगलं होतं. सांगायचं वाक्य इंग्रजीत तयार होतं. ते उद्धट वाटेल म्हणून मी मनातल्या मनात मराठीत करत बसले, तर मराठीत ते आणखीच उद्धट झालं. तोवर संध्याकाळ झाली.

सही केली की शुक्रवारी निरोपाचे सामोसे ठरलेले. पार्टिशनपलीकडचे घोटही आता थांबले होते.

मी पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं.

"सर, बोर्ड मेलेला नाही. कपाटाची किल्ली द्या. पाकीट मी फोडते."