मखमलीची लव

सोफाबाईंवर कुणीतरी लिहावं असं आमच्या बाजारातल्या व्यापारी संघाने ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की मी त्यांच्या शेजारीच राहतो आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्या दुकानात जाऊन बसत असे. बसणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, असं मी मंडळींना सांगून पाहिलं. त्यांचं माहेर कुठलं, मला ठाऊक नाही. त्यांचं खरं नाव मी त्या गेल्यावर संघाच्या फळ्यावर वाचलं आणि हे कोण बरं, असा क्षणभर विचारात पडलो.

संघाच्या यंदाच्या अंकाचा विषय ‘परिश्रम’ आहे म्हणे. मी त्यावर काय बोलणार? जन्मभर खुर्चीत बसून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या खुर्च्यांत बसलो. पण एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे, तेवढी सांगतो.

जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्याने मढवून द्यायचं ते दुकान मूळचं त्यांच्या सासऱ्यांचं. नवरा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी पाहुण्यासारखा यायचा. सोफाबाई लग्न होऊन आल्या त्या आधी सुईत दोरा ओवून देण्यापुरत्या दुकानात बसल्या आणि मग सगळं दुकानच त्यांच्या अंगावर आलं. मशीन त्या चालवायच्या, खिळे त्या ठोकायच्या, गिऱ्हाइकांची बोलणीही त्याच खायच्या. फक्त कापड बेतायचं काम सासऱ्यांचं. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. सोफाबाईंनी एकदा त्या कात्रीने नुसता दोरा कापला, तर त्यावर दोन दिवस अबोला झाला होता.

माझं काम म्हणजे तयार झालेल्या खुर्चीत बसून कुठे टोचत नाही ना, ते सांगणं. “काकांना टोचलं नाही म्हणजे कुणालाच टोचणार नाही,” असं सोफाबाई गिऱ्हाइकाला सांगायच्या. ही माझी स्तुती होती की काय, ते मला कधी कळलं नाही.

एकदा त्यांना सभागृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालं. एवढं मोठं काम दुकानात आधी कधी आलं नव्हतं. खालच्या खुर्च्या झाल्या की वरच्या सज्जाच्याही द्यायच्या, असं ठरलं होतं. कापड होतं गडद लाल मखमल. मखमलीला बारीक लव असते. हात एका दिशेने फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर खरखरते. सगळे तुकडे लवेची दिशा एक ठेवून कापावे लागतात, नाहीतर एकाच ताग्यातलं कापड उजेडात दोन रंगांचं दिसतं. सासरे तळव्याने लव पाहून तुकड्याच्या मागे खडूने बाण काढायचे आणि सोफाबाई बाणाप्रमाणे शिवायच्या.

दुकानाच्या एकुलत्या एक ट्यूबच्या उजेडात कुणाला काही दिसलं नाही. सभागृहात खुर्च्या बसल्या, वरचे दिवे लागले, आणि मधल्या काही रांगा चक्क काळपट दिसायला लागल्या. तिथले व्यवस्थापक भडकले. पुन्हा असं झालं तर सज्जाचं काम दुसरीकडे जाईल, असं त्यांनी सुनावलं. सोफाबाईंनी त्यांना सांगितलं की चूक माझी, मी तुकडे उलटे शिवले.

खुर्च्या परत आल्या तेव्हा मी दुकानात होतो. सासऱ्यांनी त्यांना माझ्यासमोरच फैलावर घेतलं. “बाण काढून देतो तरी उलटं शिवतेस. लक्ष असतं कुठे तुझं? उद्या बाण बोलका करून देऊ का?”

“चुकलं बाबा,” एवढंच त्या म्हणाल्या आणि उसवायला बसल्या.

सासरे जेवायला घरी गेले तेव्हा सोफाबाईंनी एक उसवलेला तुकडा माझ्यापुढे धरला. शिवण बाणाप्रमाणेच होती, बाणच उलटा होता. सासऱ्यांच्या बोटांना आताशा काही जाणवत नाही. चहाचा कप गरम आहे हेही त्यांना कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मग सांगा ना त्यांना. दुकान जायची वेळ आली.

“काका, खुर्ची उलटी करून दुरुस्त करता येते,” त्या म्हणाल्या. “बाबांना कुठे उलटं करू? कात्री काढून घेतली तर ते घरात बसतील, आणि घरात बसले की संपले.” मग म्हणाल्या, “तुम्ही बोलू नका हं काही.”

मी कसला बोलतो.

सज्जाच्या खुर्च्यांची मखमल आली. सोफाबाई माप घ्यायला बाहेर गेल्या होत्या. सासऱ्यांनी कापड पसरलं, त्यावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. खडू हातात, पण बाण काही काढत नव्हते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेजारी, जरा हात फिरवा हो. लव कुठल्या बाजूला झोपलीय?”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी तीन-तीनदा हात फिरवून पाहिला, कारण माझा माझ्या हातावर भरवसा नाही. मग दारापासून आतल्या भिंतीकडे, असं सांगितलं. त्यांनी बाण काढला. “सूनबाईला बोलू नका,” ते म्हणाले. “तिच्यावर उगाच ओरडलो त्या दिवशी. आता कळलं तर तिला वाटेल म्हातारा कामातून गेला.”

तेव्हापासून मखमल किंवा तसलं लवेचं कापड पसरलं की सोफाबाईंना नेमकं बाहेर काहीतरी काम निघायचं. कधी दोरा संपलेला असे, कधी खिळे. मला हा योगायोग वाटायचा. सज्जाचं काम नीट पार पडलं, पुढेही कामं येत राहिली. सासऱ्यांनी शेवटपर्यंत कात्री चालवली. तळव्याखाली कापड असलं की ते गप्पाही मारायचे, विशेषतः सुनेच्या विसरभोळेपणाबद्दल. बघा, खिळे एकदाच आणून ठेवायला नकोत?

लोक सोफाबाईंच्या हातांवरचे घट्टे आठवतात. ते होतेच. मला मात्र त्यांचं ते भर उन्हात, नको असलेले खिळे आणायला जाणं आठवतं.

सासरे गेल्यावर कात्री सोफाबाईंकडे आली. त्यांची बोटं काय, डोळे मिटूनही लव ओळखतील अशी. आता तिथे आपलं काही काम नाही, असं मला वाटायला लागलं आणि मी जाणं कमी केलं. एका सकाळी मी दुकानावरून नुसताच चाललो होतो, तर त्यांनी आतून हाक मारली. त्यानंतर लगेच त्या आजारी पडल्या आणि आमची गाठ पडली नाही, म्हणून त्या सकाळचं बोलणं तेवढं नीट आठवतं.

“काका, उद्या मखमल येतेय. जरा हात फिरवून जा.”

मी म्हटलं, “येतो. चष्मा घरी विसरलो तर चालेल ना?”

“चष्मा राहू द्या हो. हात तेवढा आणा.”