दोन तारांमधला गज

११ डिसेंबर १९९९, शनिवार. नाताळाआधी भिंतींना चुना द्यायचा होता, म्हणून खोल्या रिकाम्या करत होते. खुंटीवरचा एर्हू खाली काढला आणि पुसायला घेतला.

एर्हू म्हणजे चिनी सारंगीच म्हणा, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायची, पण तारा दोनच. लांब दांडी आणि खाली अजगराच्या कातड्याने मढवलेली लहानशी लाकडी पेटी. माझा नवरा जहाजावर नोकरीला. त्याने तो शांघायच्या बंदरातून आणला आणि जहाजावरच्या चिनी खानसाम्याकडून शिकला. खानसाम्याने सांगितलेला इतिहास तो आम्हाला जेवताना ऐकवायचा. हे वाद्य मुळात उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांचं, हजारेक वर्षांपूर्वी चीनमध्ये आलं. नाटकात, लग्नात, मयताला वाजायचं. आंधळे भिकारी रस्त्यावर वाजवायचे. पुढे रेशमाच्या तारा जाऊन पोलादी आल्या, आणि आता मोठमोठ्या वाद्यवृंदांत एर्हूवाले रांगेने बसतात. सासूबाईंना यातलं मयत तेवढं लक्षात राहिलं. असलं वाद्य घरात कशाला, म्हणायच्या. पण तो सुट्टीवर येऊन वाजवायला लागला की भाजी निवडायला नेमक्या तिथेच बसायच्या.

मी स्वयंपाकघरातून ऐकायची. त्याच्या हातांकडे बघत बसायला मला कधी सवड झाली नाही. तो गेला की पुढचे नऊ-दहा महिने एर्हू खुंटीवर मुका, आणि संध्याकाळी कामं आटोपली की मला तो आवाज हवासा वाटायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुसताना दिसलं, गजाचे केस दोन तारांच्या मधे अडकलेत. ओढून बघितलं, निघेनात. शेजारचे मास्तर चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवतात. त्यांना कुंपणावरून हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"चुकीचा घातलाय गो. गज तारांवर फिरतो, तारांच्या मधे नाही."

त्यांनी गजाचा स्क्रू ढिला केला, केस सोडवले आणि गज वेगळा करून माझ्या हातात दिला. काम झालं म्हणून मी त्यांना केळी दिली.

संध्याकाळी सिंगापूरहून नवऱ्याचा फोन आला. बदली माणूस मिळाला नव्हता, त्यामुळे नाताळाला येणं होणार नव्हतं. फेब्रुवारी उजाडेल म्हणाला. मी बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "एर्हू काढ. रिसीव्हर जवळ ठेव आणि एकदा गज ओढ. कसाही ओढ. मला घरातला आवाज ऐकायचाय."

मास्तरांचा पराक्रम सांगावा लागला. तो हसला.

"अगं, अडकला नव्हता तो. तो मधेच राहतो. आपल्याकडे ओढला की आतली तार वाजते, पुढे लोटला की बाहेरची."

केस परत कसे ओवायचे ते सांगायला त्याने सुरुवात केली, पण बूथबाहेर त्याच्या मागे फोनसाठी रांग होती. फोन ठेवावा लागला.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "मास्तरला चिन्याचं काय कळतं," म्हणाल्या, "आणि तुला तरी?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चर्चमधली पहिली मिस्सा चुकवली. मागच्या पडवीत बसून केस तारांच्या मधून घातले, गजाला अडकवले, स्क्रू आवळला. दोनदा उलटे बसले. तिसऱ्यांदा जमलं. केसांना राळ घासली आणि गज आपल्याकडे ओढला. गंजलेल्या फाटकासारखा आवाज आला. पुढे लोटला, तर तसलाच, जरा बारीक. ते काही त्याचं वाजवणं नव्हतं. तरी पेटी तीच होती, कातडं तेच, आणि त्या खरखरीच्या मागून मधेच थोडंसं ओळखीचं काहीतरी यायचं. मी आतून टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि एक बाजू भरेपर्यंत गज ओढत राहिले.