चनबसप्पाची सात घड्याळं

सोलापूरच्या दक्षिणेला, होटगीच्या वाटेवरच्या माळावर आमची वेधशाळा होती. आमची म्हणायचं कारण इतकंच की तिच्या मंडळावर आम्ही नऊजण होतो आणि मी, शाळेत गणित शिकवणारा मास्तर, मंडळाचा चिटणीस होतो. ती बांधली एका पेन्शनर ओव्हरसियरनं, स्वतःच्या खर्चानं, आणि तिच्यातून आकाश पाहिलं तेही त्यानंच. तो वारल्यावर शहरातल्या सुशिक्षितांनी मंडळ स्थापन केलं. पंधरा वर्षांत मंडळानं चार अध्यक्ष आणि दोन सतरंज्या बदलल्या. दुर्बिणीला मात्र कुणी बोट लावलं नाही. तिनं आमचे आभारच मानायला हवेत.

तिचं सगळं करायचा तो पहारेकरी चनबसप्पा. वळसंगचा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. घुमटाच्या रुळांना तेल घालणं, घड्याळाला किल्ली देणं आणि गिरण्यांची धुराडी रोज नेमानं पाठवत ती काजळी पुसणं, हे त्याचं काम. ओव्हरसियरच्या हाताखाली तो वीस वर्षं राहिला होता. अक्षर एक येत नव्हतं. पण सूर्य बघायचा तर दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, मागं पांढरा कागद धरायचा म्हणजे सूर्य त्यावर उतरतो, हे त्याला ठाऊक होतं. मंडळातल्या दोघांना ते ठाऊक नव्हतं. बाकीच्यांची मी चौकशी केली नाही.

ओव्हरसियरचा एक नियम होता. ज्यानं पाहिलं त्याचं नाव नोंदीपुढे लिहायचं. जाडजूड वहीत पानोपानी त्याचंच नाव होतं. चनबसप्पाला आयुष्यात एवढंच हवं होतं, की एकदा तरी काही पाहावं आणि पुढे आपलं नाव लागावं. मला त्यानं हे तीनदा सांगितलं होतं आणि तीनही वेळा मी 'बघू' म्हणालो होतो.

एकोणीसशे सव्वीसच्या संक्रांतीला, भर दुपारी सूर्यग्रहण आलं. ते आलं तेही वेळेवर, कारण शहर माळाकडे सरकत होतं आणि एका गिरणीला गोदामासाठी आमची जागा हवी होती. वर्षभरात तुम्ही पाहिलंत तरी काय, असं कलेक्टरसाहेबांनी लेखी विचारलं होतं. ग्रहणाचा अहवाल गेला नाही तर वेधशाळा जाणार, आणि चनबसप्पाची तिथली राहती खोलीही.

आमचे अध्यक्ष वकीलसाहेब मोठे सुधारक. आठवडाभर आधी त्यांनी 'ग्रहण आणि खुळ्या समजुती' या विषयावर दीड तास व्याख्यान दिलं. टाळ्या कडाडल्या. मग आदल्या दिवशी बैठक भरली आणि एकेकाच्या घरातली माणसं आठवायला लागली. एकाची सून गरोदर होती. एकाची आई ऐकायची नाही. वकीलसाहेबांना स्वतःला काही वाटत नव्हतं, पण घरच्या मंडळींचं मन कशाला मोडा? माझ्या घरी मन मोडण्यासारखं कुणी नव्हतं, तरी मीही मान हलवली. शेवटी, ग्रहण सुटलं की आंघोळी करून सर्वांनी वेधशाळेत जमायचं, असा ठराव एकमतानं पास झाला.

चनबसप्पा दाराशी उभा होता. तो मला म्हणाला, "ग्रहण सुटल्यावर येतो म्हनताय, मास्तर. मंग बघायचं काय?"

मी त्याला विचारलं, तू ग्रहण पाळत नाहीस का?

"आमाला सुतक न्हाय की. गळ्यात लिंग हाय."

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या जत्रेला सगळा वळसंग गेला, त्याची बायको निंगव्वासुद्धा गेली. हा गेला नाही. आम्ही नऊ सुधारक घरोघर सोवळं नेसून जप करत होतो तेव्हा त्यानं घुमट उघडला आणि कागदावर सूर्य उतरवला. वाटी पालथी घालून गोल काढले आणि सूर्याचा घास जसजसा मोठा होत गेला तसतसा कोळशानं भरला. सात चित्रं काढली. वेळ लिहिता येत नव्हती, म्हणून प्रत्येक चित्राशेजारी त्यानं एक छोटं घड्याळ काढलं, काट्यांसकट.

संध्याकाळी ओल्या केसांनी मी ते कागद पाहिले आणि मला लाज वाटली. वकीलसाहेबांना वाटली नाही. अध्यक्ष घरी बसले आणि पहारेकऱ्यानं ग्रहण पाहिलं, असं कलेक्टरला कळवायचं? त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. घड्याळांचे काटे वाचून मीच तास-मिनिटं मांडली. निरीक्षक म्हणून वकीलसाहेबांचं नाव घातलं. घुमट त्यांनी स्वतः का उघडला, याचा खुलासा म्हणून खाली एक ओळ आली: 'पहारेकरी चनबसप्पा हा त्या दिवशी जत्रेस गेल्यामुळे गैरहजर होता.'

कलेक्टरसाहेब खूश झाले. गोदाम दुसरीकडे गेलं. वकीलसाहेबांचा सत्कार झाला, त्यात चनबसप्पानं खुर्च्या मांडल्या.

अहवाल छापून आला त्या दिवशी तो माझ्याकडे आला. पानं उलटून म्हणाला, "माजी घड्याळं कुटं गेली?"

त्यांचे आकडे झाले, असं मी सांगितलं. ते त्याला पटलं.

"आन् नाव? आलं का?"

"आलं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"कुटं?"

त्याचं बोट धरून मी त्या ओळीवर ठेवलं. बोटाची विभूती कागदाला लागली.

"वाचा की."

"चनबसप्पानं ग्रहण पाहिलं," मी वाचलं. मंडळाच्या अहवालातून मी वाचलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते अहवालात नव्हतं.

त्यानं अहवाल कपाळाला लावला, बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं आणि आणखी एकदा वाचायला सांगितलं. मी वाचलं.