सेकंड शिफ्टचे सर

वर्गात आल्यावर सर आधी आमच्या चेहऱ्यांकडे नाही, पायांकडे बघायचे. कोणी चप्पल घालून आलेला दिसला की त्याला उभं करून विचारायचे, "हातातून जॉब सुटला तर बोट कुणाचं जाईल?" जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा लोखंडी तुकडा. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि हातातून सुटण्यासारखं पेनापलीकडे काही नाही. तरी ताथवड्याच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मापनशास्त्राच्या तासाला सगळा वर्ग निमूटपणे बूट घालून बसायचा.

सरांची खरी नोकरी भोसरीच्या एका कंपनीतली, साचे-अवजारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये. तिथली पहिली शिफ्ट साडेतीनला संपायची आणि साडेचारला सर कंपनीच्याच राखाडी शर्टात आमच्यासमोर उभे. कॉलेजला ते 'आपली दुसरी शिफ्ट' म्हणत, म्हणून ते आमचे सेकंड शिफ्टचे सर. तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातले. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांतून डिग्री मिळवलेले. कॉलेजच्या दप्तरी ते बावीस वर्षं अर्धवेळ शिक्षक होते. दर उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि दर पावसाळ्यात नवी व्हायची, आणि दोन्ही वेळा ते ऑफिसात पेढे वाटायचे.

कंपनीने साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ दिलं, त्या दिवशीही सर नारळ टेबलावर ठेवून तास घेऊन गेले. मग पाच वर्षांनी परिपत्रक आलं: अर्धवेळ शिक्षकांनाही यापुढे पासष्टनंतर काम करता येणार नाही. सर ऑफिसात गेले. म्हणाले, आपण बावीस वर्षं अर्धवेळ केलं, म्हणजे अकराच भरली; मग वयही अर्धंच धरा. ऑफिसच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "मग तुम्ही साडेबत्तीसचे झालात सर. या वयाच्या उमेदवाराला आता पीएच.डी. लागते." हा किस्सा मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला, आणि दोघांच्याही सांगण्यात जिंकल्या मॅडमच.

नियमाबद्दल सरांची तक्रार नव्हती. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस, मर्यादा म्हणजे मर्यादा हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण त्यांची तारीख पडली सत्राच्या मध्यात आणि विषय घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. नवीन माणूस मिळेपर्यंत तास रिकामा ठेवू, असं प्राचार्य म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारे सर चिडले की तळवड्याचं बोलायचे. "मशीन चालू हाय आन् माणूस न्हाई, असं कसं चालंल? रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई." पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीनवरून हलायचं नाही, हे कंपनीत शिकलेलं त्यांनी कॉलेजातही कधी मोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आले. आता ओळखपत्र नव्हतं, म्हणून गेटवर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात लिहिलं, 'तिसरे वर्ष'. 'काम' या रकान्यात लिहिलं, 'राहिलेले'. वॉचमनने सलाम ठोकून आत सोडलं. प्राचार्यांना ते जिन्यात दिसले की प्राचार्यांना नेमका कोणाचा तरी फोन यायचा. असे तीन आठवडे गेले. मग मॅडमनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्ही घेतलेली हजेरी कागदावर धरता येत नाही. महिनाअखेरपर्यंत कोणी नेमलं गेलं नाही तर अख्खा वर्ग परीक्षेला मुकेल.

त्या रविवारी सर थेरगावला माझ्या घरी हजर. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. नोकरी करून एम.ई. केलं तेही सरांनी मागे लागून लागून. त्यांनी चहा घेतला आणि थेट विचारलं, माझा वर्ग घेशील का? माझ्याकडे कारणं होती: शिफ्ट, घर, मुलीची शाळा, चाकणचं ट्रॅफिक. सर म्हणाले, ट्रॅफिकचं सोड, मी माझ्या स्कूटरवर तुझ्या कंपनीच्या गेटपासून कॉलेजपर्यंत दोनदा वेळ लावून आलोय. एकदा सव्वा तास लागला, एकदा दीड. मुलांना विचारून तास सव्वापाचला केलाय. मी हसले, पण नाहीच म्हणणार होते.

"गायकवाड," ते म्हणाले, "प्रयोगात एका पिनची जाडी तू तीनदा मोजली होतीस. तीनदा वेगळी आली. तू तिन्ही आकडे लिहिलेस. बाकी सगळ्यांनी पुस्तकातला लिहिला. तवाच ठरवलं होतं, माझ्या जागी कोण उभं राहील ते."

तो प्रयोग मी कधीच विसरून गेले होते. मी हो म्हणाले, आणि महिना संपायच्या आत कॉलेजचं नेमणूकपत्रही आलं.

पहिल्या दिवशी सरांनी मला वर्ग सोपवला तो थेट शिफ्ट बदलताना सोपवतात तसा, उभ्या उभ्या, सगळ्या मुलांसमोर. तिसरं युनिट कच्चं राहिलंय, पुन्हा घे. दोन नंबरचा मायक्रोमीटर थोडं जास्त दाखवतो. खिडकीजवळचा तो पहाटे पेपर टाकतो, पहिली दहा मिनिटं त्याला उठवू नको. ती समोरची, तिला सगळं येतं, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. ती मुलगी लाजून खाली बघायला लागली. मग सर म्हणाले, "घेतला चार्ज?" मी म्हणाले, "घेतला, सर." ते निघाले. पोरं उभी राहिली. फळ्याकडे तोंड करून मी बराच वेळ नुसती तारीख लिहीत राहिले.

आठवडाभरात एका गणितावर अडकले. वर्ग सुरू व्हायला वेळ होता, म्हणून सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "झोपलेत गं. लग्न झाल्यापास्नं या माणसाला दुपारचं झोपलेलं मी पाह्यलं न्हवतं. कंपनी सुटल्यावरबी रोज चारच्या ठोक्याला कॉलेजला निघायचे. उठवू का?"

मी म्हणाले, "नको काकू. झोपू द्या. मी बघते."