बांगडीच्या मापाची बातमी

रोहिणी गेल्याचं मला तिच्या भावाने फोनवर सांगितलं. फोन आळ्याहून होता, दिवस जुन्नरच्या बाजाराचा होता आणि माझ्या बांगड्यांच्या दुकानात गलका होता, म्हणून मी त्याला दोनदा मोठ्याने बोलायला लावलं. दुसऱ्यांदा तो ओरडूनच म्हणाला, "चाची, ताई गेली." मी त्याला विचारलं, किती वाजता गेली, शेवटी बोलत होती का, आईजवळ कोण आहे. रडले नाही. तिचं दुखणं रक्ताचं होतं, वर्षभर चाललं होतं, आणि तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं की यातून मी उठत नाही, तुम्ही उगाच नवस बोलू नका... आता दीड महिना झाला. पेपरात तिच्यावर दोन-तीन लेख आले. ती फार हळवी होती असं त्यात लिहिलंय. मी तिला चौदा-पंधरा वर्षं ओळखत होते. हळवी वगैरे काही नव्हती. हट्टी होती, तिला साधं पिठलं जमत नव्हतं, आणि चुकली की चार लोकांत 'चुकले' म्हणायची. ही शेवटची गोष्ट मी फार थोड्या माणसांत पाहिली, म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली बाई आहे. शुद्धलेखन नातीने पाहिलंय, बाकी सगळं माझं.

आम्ही जुन्नरचे मणियार. आधी सासरे, मग मालक आणि मालक गेल्यावर मी, असे आम्ही बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात फिरलो. घोडेगावहून एसटी जाईल तिथपर्यंत एसटी, पुढे पायी, थेट आहुप्यापर्यंत. नव्वदच्या दशकात एका वर्षी त्या बाजूला पावसाने दरडी कोसळल्या, भाताची खाचरं वाहून गेली, घरातलं धान्य भिजून कुजलं. मदतीचे ट्रक पुष्कळ आले. पण डांबरी रस्ता संपला की मदतही संपायची. रस्त्यालगतच्या एका गावाला तीन संस्थांनी तीनदा चादरी वाटल्या आणि वरच्या वाड्यांना कोणी विचारलं नाही. मग सगळ्या संस्थांनी मिळून घोडेगावात एका शाळेचा हॉल घेतला. रोज सकाळी तिथे बसायचं, कोणी कुठे काय न्यायचं ते ठरवायचं. त्यावर एक साहेब नेमले होते. नाव लिहीत नाही, साहेबच म्हणते.

रोहिणी तिथे दोन महिन्यांसाठी आली. आळ्याच्या कांदेवाल्या शेतकऱ्याची मुलगी, पुण्यात पत्रकारिता शिकत होती. कॉलेजचा नियम असा की दोन महिने कुठेतरी बिनपगारी शिकाऊ म्हणून राबायचं आणि साहेबाच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर वर्ष वाया. याला ती इंटर्नशिप म्हणायची. तिचं काम वाड्यांवर जायचं, फोटो काढायचे, रोज एक पान लिहून पुण्याला फॅक्स करायचं. पुण्यातले देणारे लोक ते पान वाचून माल सोडायचे. म्हणजे तिच्या पानात जी वाडी नाही, ती वाडी जगातच नाही. वाटा मला ठाऊक म्हणून मला तिच्याबरोबर दिलं. मी माळा खांद्यावर टाकून निघाले तर चढणीवर मला म्हणते, "चाची, लोक उपाशी असतील आणि तुम्ही बांगड्या घेऊन निघालात?"

मी म्हटलं, "तू कॅमेरा घेऊन निघालीसच की."



आहुप्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या भीमाबाईकडे आम्ही गेलो. भीमाबाई म्हणजे वाडीतली कर्ती बाई, माझी जुनी गिऱ्हाईक. रोहिणीने कॅमेरा काढला मात्र, बायका घरात पळाल्या आणि अर्ध्या तासाने एकेक करून चौघी बाहेर आल्या. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, अंगावर चांगलं लुगडं. डोंगरात रीतच तशी आहे. फोटो म्हणजे लग्नाचा किंवा जत्रेचा, त्याला फाटक्यात कोण उभं राहील? नंतर भीमाबाईने आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रोहिणीने दुसरी भाकरी मागून घेतली. मी डोळे वटारले, तिला कळलं नाही. मागे भिंतीशी भीमाबाईची सून उभी होती, ती त्या भाकरीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. उतरताना मी सांगितलं, "ती घरातली शेवटची होती." रोहिणी वाटेतच खाली बसली. म्हणाली, "मग तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"पाहुण्यांच्या तोंडावर यजमानीण उपाशी आहे असं सांगायचं? मला पुन्हा त्या वाडीत जायचं होतं."

फोटो धुऊन एसटीने पुण्याला गेले. चार दिवसांनी उत्तर आलं की या वाडीची स्थिती बरी दिसते, धान्य दुसरीकडे वळवावं. रोहिणी हातात फोटो घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. मी हॉलच्या दाराशी होते. "साहेब, नीट बघा. चारही बायकांच्या अंगावर एकच लुगडं आहे. वाडीत तेवढं एकच चांगलं उरलंय, एकीने सोडलं की दुसरीने नेसलंय."

साहेब म्हणाले, "मग ते फोटोत दिसायला नको का? परत जा. घरात नेसतात त्याच कपड्यांत उभ्या करा. आणि चेहरे जरा... तुला कळतंय मी काय म्हणतो ते. प्रमाणपत्र हवंय ना?"

तिला ते हवं होतं. घरात तिच्या शिक्षणावरून रोज भांडण होतं, एक वर्ष गेलं असतं तर बापाने पुढचं वर्ष दिलं नसतं. ती गेली. मी बरोबर होते, मी काही बोलले नाही. तिने भीमाबाईपुढे हात जोडले, मागचे फोटो फार चांगले आले म्हणून धान्य अडलंय असं सगळं खरं सांगितलं आणि जुन्या लुगड्यात उभी राहा म्हणाली. भीमाबाईने ऐकून घेतलं.

"लेकी, तुझ्या लग्नातबी तू फाटकंच नेसनार हाईस का?"

"तसं नाही मावशी, पण त्यांना दिसायला हवं..."

"त्यास्नी दिसाया हवं तर त्यास्नीच हितं यिऊ दे. आमी उपाशी ऱ्हाऊ, पन उपाशी हाय म्हनून उभं न्हाई ऱ्हानार. चाची, तू आलीच हायस तर हात भर माझा. दरड आली तवा समद्या फुटल्या. नवरा जिता असून हात रिता बरा दिसत न्हाई."

मी तिचा हात हातात घेतला. भीमाबाईला अडीचची, म्हणजे दोन-आठची बांगडी लागायची, तीही हात चांगला चेपून घ्यावा तेव्हा जायची. वीस वर्षं मी तो हात भरत होते. त्या दिवशी अडीचची बांगडी चेपायच्या आधीच आत गेली आणि पार कोपराकडे घसरली. तिच्या खालचं माप दोन-सहा. तीही दाबावी लागली नाही. माणूस खंगायला लागला की अंगठ्याखालचं मांस आधी उतरतं. चेहऱ्यावर दिसायच्या आधी ते आम्हाला कळतं. मी म्हटलं, "भीमे, किती दिवस झाले गं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रानातलं कंद हायती की. भर तू."

रोहिणीने कॅमेरा पिशवीत घातला आणि वही काढली. "चाची, सगळ्यांची मापं आठवतात तुम्हाला?"

"माप विसरले तर धंदा कसला करू?"

मग मी वाडीतल्या प्रत्येक बाईचा हात भरला. त्या फेरीत बांगड्या अशाच दिल्या. मी आधीचं माप सांगायची, आजचं सांगायची, ती लिहायची. दोघी सोडून सगळ्यांचे हात उतरले होते. त्या दोघींतल्या एकीचे दिवस भरत आले होते, तिच्या हाताला सूज होती. दुसरी कालच माहेराहून जेवून आली होती. तेही रोहिणीने लिहिलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, ते नाही लिहिलं तर बाकीचं कोण खरं मानेल?

साहेबांनी तो कागद फॅक्सला जाऊ दिला नाही. "बांगड्यांवरून धान्य सोडायचं का? तुला फोटो आणायला सांगितले होते." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत सगळ्या संस्थांची माणसं बसली असताना रोहिणी मागच्या बाकावरून उभी राहिली. साहेब म्हणाले, शिकाऊंनी इथे बोलायचं नसतं. ती म्हणाली, "बोलत नाही, लिहिलेलं वाचते." आणि वाचलं. आधी स्वतःची चूक, की मी त्या घरातली शेवटची भाकरी मागून खाल्ली आणि मला दिसलं नाही. मग एकेका बाईचं नाव, आधीचं माप, आताचं माप. काही लोक हसले. पुण्याहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. मला पुढे बोलावून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बोटांवर एवढा भरवसा कसा ठेवायचा?"

मी त्यांचा हात हातात घेतला, दाबून पाहिला. म्हटलं, "तुमचा हात दोन-सहाचा. उजवा डाव्यापेक्षा जरा जाड. आणि पाटल्या तुमच्याच मापाच्या केलेल्या आहेत, पण आता सैल झाल्यात. एवढ्यात मोठं आजारपण झालंय."

"टायफॉइड झाला होता," त्या हळूच म्हणाल्या. मग वळून साहेबांना म्हणाल्या, "मी उद्या वजनकाटा घेऊन वर जाते." त्या गेल्या, पोरांची वजनं घेतली, संध्याकाळी खाली येऊन कोणाशी न बोलता फोनपाशी बसल्या. तिसऱ्या दिवशी ट्रक रस्ता संपतो तिथे उभा होता आणि धान्य डोक्यावरून वाडीत चाललं होतं. आमच्यापैकी कोणी कोणाचा फोटो काढला नाही. भीमाबाईने आभार मानले नाहीत. पोतं उतरवून घेताना रोहिणीला म्हणाली, "जरा लवकर यायचं व्हतं, लेकी."

प्रमाणपत्रावर साहेबांनी सही केली नाही. 'सूचना पाळत नाही' असं कॉलेजला लिहून दिलं. तिचं वर्ष गेलं. बाप वर्षभर बोलला नाही, पण फी भरली. तिने दुसरीकडे पुन्हा दोन महिने काढले आणि ती त्याच कामात राहिली. पूर आला की पुरात, भूकंप झाला की भूकंपात. पुढे तिच्या हाताखाली शिकाऊ पोरी आल्या. माझ्याकडे येऊन ती त्यांच्याबद्दल कुरकुरायची, हिला लिहिता येत नाही, तिला चालवत नाही. मी म्हणायची, "तुला कुठे आलं होतं?" मग भांडण. एकदा सहा महिने अबोला होता, कारण तिने माझ्याबद्दल कुठेतरी 'अशिक्षित' लिहिलं होतं. चौथीपर्यंतचं शिक्षण काय फुकट गेलं का? आळ्याहून येऊन माफी मागून गेली, वर येताना कच्च्या शेंगा घेऊन आली. अशी होती.

मागच्या आठवड्यात घोडेगावात त्याच हॉलमध्ये तिची शोकसभा झाली. मी सहसा असल्या सभांना जात नाही, इथे गेले. हॉलला आता नवा पत्रा आहे, बाक जाऊन खुर्च्या आल्यात. अध्यक्ष म्हणून तेच साहेब बोलावले होते. म्हातारे झालेत, काठी घेऊन आले. खिशातून लिहून आणलेला कागद काढला, चष्मा लावला, उभे राहिले आणि म्हणाले, "रोहिणीची गुणवत्ता मी सर्वात आधी ओळखली..." तेवढ्यात मागून एक पोरगी उठली. वीस-एकवीस वर्षांची, गळ्यात शिकाऊचं कार्ड, घामाने डबडबलेली.

"सर, माफ करा. ताईंच्या बैठकीत शिकाऊ आधी बोलतात. मग बाकीचे."

कोणी हसलं नाही. सगळे साहेबांकडे बघत होते. ते कागदाची घडी घालून खाली बसले, आणि ती पोरगी बोलायला लागली.