फुप्फुसातले रहिवासी

प्रयोगशाळेत त्याला सगळे शंकासुर म्हणत; तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या बेताने. तो ऐके आणि हातातले काम चालू ठेवी. निम्म्याहून अधिक आयुष्य त्याने उंदरांच्या फुप्फुसांतून पेशी वेगळ्या काढण्यात घालवले होते, आणि या कामात भोळ्या माणसाचा निभाव लागत नाही असे त्याचे ठाम मत होते. घरीही तेच. दुकानदाराने दिलेल्या दुधावरची तारीख तो त्याच्यासमोरच मोठ्याने वाची. त्याची बायको म्हणे, यमदूत दारात आला तरी हे आधी त्याचं ओळखपत्र मागतील.

या स्वभावाला एक उगम होता. तो लहान असताना घरात डांग्या खोकला शिरला. तो स्वतः खोकून खोकून वाचला. पाळण्यातली बहीण वाचली नाही. तिला खोकलाही धड येत नसे, फक्त ओठ निळे पडत. ती गेल्यावर घराला एकच प्रश्न उरला: हा खोकला आणला कोणी? खालच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई राहत असे. कापडाच्या धुळीने ती बारमाही खोके, आणि येताजाता बाळाला उचलून घेई. आई म्हणाली, हिनेच आणला. आईचे म्हणणे गल्लीने उचलले, गिऱ्हाइके तुटली, आणि एका दुपारी ती बाई शिलाईयंत्र हातगाडीवर घालून निघून गेली. खिडकीतून ते पाहताना त्याला बरे वाटले होते.

पुढे प्रयोगशाळेत काम करताना त्याच्या कानावर आले, की एकदा हा आजार होऊन गेलेल्या मोठ्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. मात्र तो इतका सौम्य असतो की माणूस त्याला खोकला म्हणतच नाही, आणि तरीही तान्ह्या मुलाला तो देऊ शकतो. बहीण गेली त्या हिवाळ्यात त्याचे वडील रोज सकाळी मोरीपाशी खाकरत, आणि दोष तंबाखूला देत. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. तिच्यातून दोन बोध निघत होते. बाहेरच्या माणसावर घाईने ठपका ठेवू नये, हा एक. संशयातून घरच्यांनाही वगळू नये, हा दुसरा. त्याने दुसरा घेतला.

प्रयोगशाळेचा विषय हाच आजार होता. डांग्या खोकल्याचा जंतू एक विष सोडतो. फुप्फुसातल्या हवेच्या कोशांत गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी त्या विषाने आधी लुळ्या पडतात. मदतीला निघालेल्या पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडता येत नाही. रक्तात त्यांची दाटी होते आणि फुप्फुस एकटे पडते. मात्र ज्याने हा आजार एकदा भोगला आहे, त्याच्या फुप्फुसात काही पेशी मुक्कामाला राहतात. त्या रक्तात परतत नाहीत, आणि जंतू पुन्हा आला तर बाहेरच्या कुमकेची वाट न पाहता उभ्या ठाकतात. असे रहिवासी किती असतात आणि किती काळ टिकतात, हे शोधणे हे प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंचे आयुष्याचे काम होते.

अडचण एकच होती. फुप्फुस बाहेर काढले की त्यात रक्तही येते. मग रहिवासी कोण आणि वाटसरू कोण, हे ओळखायचे कसे? त्यासाठी गुंगी दिलेल्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत एक रंग टोचत. तीन मिनिटांत तो रक्तातल्या सगळ्या पेशींना चिकटे. मांसात मुरून बसलेल्या पेशी कोऱ्या राहत. त्यानंतर थांबायचे नाही. फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्या मुळातच थोड्या गळक्या असतात, आजारात अधिकच. उशीर झाला की रंग झिरपतो, आणि रहिवासीही वाटसरूंच्या रंगात निघतात. हा नियम शंकासुरानेच कित्येक नवशिक्यांना शिकवला होता.

त्या वर्षी त्याच्या जोडीला एक नवी बाई आली. चाळिशीची, मुलाला एकटीने वाढवणारी, आधीची प्रयोगशाळा बंद पडल्यामुळे इकडे आलेली. काम करताना ती गुणगुणे, म्हणून तिचे नाव गुणगुणी पडले. नेमणूक कच्ची होती. उंदरांच्या या तुकडीचे काम नीट उतरले तर ती पक्की व्हायची. शंकासुराला तिच्या गुणगुणण्यात काही वावगे दिसले नाही, आणि हेच त्याला खटकले. इतक्या मोकळ्या माणसाचे कुठेतरी पाणी मुरत असणार.

एका सकाळी ती उंदरांचा एक पिंजरा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवताना त्याला दिसली. त्याच्या मनात पाल चुकचुकली. वरच्या फळीवर आजार होऊन गेलेले उंदीर होते, खालच्या फळीवर कधीच आजारी न पडलेले. का हलवलात, असे विचारायला अर्धे वाक्य पुरले असते. पण विचारले की चोर सावध होतो, असा त्याचा हिशेब होता. तो गप्प राहिला आणि पहाऱ्यावर बसला.

काम असे चाले: उंदीर तो टोची, आणि ती त्याला तबकात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर नेई. तिथे तीन मिनिटांचा गजर वाजला की शंकासुर फुप्फुस काढी. आता मध्येच हात बदलत होता. हात बदलला की उंदीरही बदलू शकतो. म्हणून गजर वाजल्यावर तो आधी भिंग घेई, उंदराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा निरखून पाही, पुसट असेल तर बिल्ला स्पिरिटने पुसून पुन्हा पाही, आणि पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीशी ताडून मगच कात्री उचली. आकडा दरवेळी जुळे. त्याने त्याचे समाधान होत नसे. ती हुशार आहे, एवढेच सिद्ध होई. समोर गुणगुणी उभी असे. तिचे गुणगुणणे हळूहळू बंद झाले होते.

तुकडीचा निकाल आला तेव्हा प्रमुखबाई खुर्चीत मागे टेकल्या. आजार होऊन गेलेल्या उंदरांत रहिवासी पेशी जवळपास नव्हत्याच. जी ती पेशी रंगलेली. हे उंदीर कधी आजारी पडलेच नसावेत, तरच असे दिसावे. पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असेल का, असे त्यांनी विचारले. गुणगुणीने पिंजरा हलवल्याचे शंकासुराने सांगितले. आवाज चढवला नाही, शब्द वाढवला नाही. बिल्ले दरवेळी जुळले होते, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते त्याला त्या क्षणी महत्त्वाचे वाटले नाही. प्रमुखबाई म्हणाल्या, उद्या मी त्यांना बोलावते, तुम्हीही या. तिची नेमणूक पक्की करायची नाही, हे जवळपास ठरलेलेच होते.

पुरावा भक्कम असावा म्हणून तो पेशींचा रंग मोजणाऱ्या यंत्राच्या खोलीत जाऊन सगळे आलेख पुन्हा उघडू लागला. त्याला खालच्या फळीवरच्या उंदरांत हरवलेले रहिवासी सापडायला हवे होते. तिथे तसे काही नव्हते. जाता जाता त्याने हवेच्या कोशांतल्या भक्षक पेशींचा आलेख उघडला, आणि त्याचा हात थांबला. त्याही रंगल्या होत्या. फिक्या, पण रंगल्या होत्या. वरच्या फळीवरच्या उंदरांत, खालच्याही. त्या पेशी जन्मभर हवेच्या कोशात राहतात. रक्ताशी त्यांचा संबंध नाही. पिंजरे कितीही इकडचे तिकडे केले तरी त्यांना रंग लागायचे कारण नव्हते.

त्याचा पहिला विचार असा, की यंत्राशी कोणीतरी खेळले आहे. दुसरा असा, की रंगाची कुपी बदलली आहे. दोन्ही त्याने तपासले. यंत्र ठीक होते, कुपी तीच होती. संशय घ्यायला आता माणूस उरला नव्हता. खरे म्हणजे एक उरला होता: तो स्वतः.

गुणगुणी पिंजऱ्यांच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरत होती. तो दारात उभा राहिला आणि ज्या प्रश्नाला अर्धे वाक्य पुरले असते तो त्याने आत्ता विचारला.

“तो पिंजरा वर का ठेवला होता?”

“खालची बाटली गळत होती. बिछाना भिजला होता सगळा. कोरडा होईपर्यंत वर ठेवला, मग परत खाली.” ती वळली नाही. “उद्या हेच विचारणार आहेत ना मला?”

त्याने पुढे होऊन भरून वाहणाऱ्या बाटलीवरचा नळ बंद केला.

“मी बिल्ले तपासायचो,” तो म्हणाला, “तेव्हा वेळ जात होता. गजरानंतर.”

“जात होता. मी घड्याळाकडेच बघत असायचे, भाऊ.”

“मग बोलला का नाहीत?”

आता ती वळली. “कुणाला? तुम्ही भिंगातून माझाच उंदीर बघताय, आणि मी म्हणू, भाऊ, लवकर आटपा? तुम्हाला काय वाटलं असतं, तुम्हीच सांगा.”

काय वाटले असते ते त्याला नेमके ठाऊक होते. गजर वाजला म्हणजे वेळ पाळली, आणि त्यापुढची तपासणी हा प्रामाणिकपणा. प्रामाणिकपणाला वेळ लागत नाही, असे तो धरून चालला होता. रंग मात्र तेवढ्यात झिरपत होता. जे रहिवासी होते त्यांना त्याच्याच हाताने परक्यांचा रंग लागला, आणि ते सांगू शकणारे एकमेव तोंडही त्यानेच बंद केले होते. त्याला अचानक ती हातगाडी आठवली. तिच्यावर शिलाईयंत्र आडवे ठेवले होते, आणि वळणावर त्याचे चाक आपोआप फिरत होते.

दुसऱ्या दिवशी प्रमुखबाईंनी प्रश्न गुणगुणीला विचारला. उत्तर शंकासुराने दिले. पिंजऱ्याचे, बिल्ल्यांचे, भिंगाचे, सगळे सांगितले. ते लांबले नाही. प्रमुखबाईंनी भक्षक पेशींचा आलेख समोर ओढला, बराच वेळ पाहिला, आणि हे माझ्याही नजरेतून सुटलं, एवढेच म्हणाल्या. तुकडी वाया गेली होती. इतके जीव वाया गेले होते. नव्या तुकडीत हात बदलायचे ठरले: टोचायचे आणि फुप्फुस काढायचे गुणगुणीने, उंदीर वाहून न्यायचा शंकासुराने. तिची नेमणूक पक्की करण्याच्या कागदावर प्रमुखबाईंनी त्याच बैठकीत सही केली. घरी बायकोने विचारले, आज चेहरा असा का? तो म्हणाला, काही नाही. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. या घरात संशय घ्यायचा हक्क कधी नव्हे तो तिला मिळाला होता.

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी त्याने तबक उचलले, खोली ओलांडली, दुसऱ्या टेबलावर ठेवले आणि बाजूला झाला. गजर वाजला. भिंग तिथेच पडले होते. गुणगुणीने सरळ कात्री उचलली.

“बिल्ला बघणार नाही का?” त्याने विचारले.

“कशाला? तुम्हीच आणलाय ना.”

ती कामाला लागली, आणि थोड्या वेळाने गुणगुणूही लागली. तो तबक पुसत उभा राहिला. तिने विश्वास दाखवला की टोमणा मारला, हे त्याला कळेना. विचारावे, असे त्याच्या मनात आले. पण पुढचा उंदीर वाट पाहत होता.